मास्तरीणबाईंच्या गाडीतला रातकिडा

दिव्याखाली अंधार असतो हे पटवून द्यायला त्या गल्लीतल्या लोकांना फार लांब जावं लागत नसे. कोपऱ्यावरच्या केकच्या दुकानाकडे बोट दाखवलं की काम भागायचं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई अख्ख्या शहराला गाडी चालवायला शिकवत. डॉक्टर, वकील, अग्निशमन दलाचे जवान, झालंच तर एक कीर्तिवंत कुस्तीगीर, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. म्हणून लहानथोर त्यांना मास्तरीणबाई म्हणत. आणि खाली दुकानात केकवर क्रीमची फुलं काढत उभे असलेले त्यांचे यजमान, ज्यांना सगळे केकवाले म्हणत, त्यांना मात्र गाडी चालवता येत नव्हती.

येत नव्हती, हे केकवाल्यांना अजिबात मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की गाडी येते, परीक्षा येत नाही. आणि ते अगदीच खोटं होतं असं नाही. बायको शेजारी बसलेली असताना त्यांच्या हातात गाडी लोण्यासारखी चालायची. पण तिच्या जागी परीक्षक येऊन बसले की पहिल्याच चौकात गाडीला उचकी लागायची, ती एकदा पुढे, एकदा मागे झुलायची आणि बंद पडायची. मागून हॉर्न वाजायचे, केकवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि परीक्षक खिडकीबाहेर बघायला लागायचे. सरावाला वाघ आणि परीक्षेला शेळी. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा या जन्मापुरतं एवढं पुरे म्हणून त्यांनी हात जोडले. त्यानंतर मोठे केक पोचवायचे तर मास्तरीणबाई दोन शिकवण्यांच्या मधे गाडी काढत आणि केकवाले मागच्या सीटवर केक मांडीवर धरून बसत.

या बसण्याचं त्यांना इतकी वर्षं काही वाटलं नाही, असं सगळे समजत होते. त्यांना वाटत होतं. लेक झाली तेव्हा दवाखान्यातून बाळंतीण स्वतः गाडी चालवत घरी आली होती आणि बाप मागे बाळ धरून बसला होता. ही गोष्ट त्यांचे मेहुणे, म्हणजे मास्तरीणबाईंचे धाकटे भाऊ, घरातल्या प्रत्येक कार्यात नव्याने सांगत, आणि दर वेळी बाप थोडा जास्त घाबरलेला असे. केकवाले सगळ्यांबरोबर हसत. घरी आल्यावर मात्र त्या दिवशी जरा कमी जेवत.

मास्तरीणबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि हे सगळं पुन्हा वर आलं. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी, पण डोळ्यावर पट्टी राहील आणि मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मेहुण्यांचा लगेच फोन. ताईला घरी मी आणीन, भावोजी, तुम्ही आपले केक सांभाळा.

त्या दिवशी जेवताना केकवाल्यांनी घास ताटात ठेवला.

"तुला घरी मी आणणार," ते म्हणाले.

"कशातून?"

"आपल्या गाडीतून."

"अहो, आणि चालवणार कोण?"

"मीच."

मास्तरीणबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. "बघू," असं म्हणाल्या. लेक लहान असताना ती कुत्रं पाळू या म्हणायची, तेव्हा हेच 'बघू' ऐकायला मिळायचं, आणि घरात कुत्रं कधी आलं नाही. केकवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी परीक्षेचा अर्ज भरून टाकला. तारीख ऑपरेशनच्या आधीची मिळाली. आता एकतर परवाना हातात, नाहीतर मेहुण्यांच्या गाडीत पुन्हा मागची सीट.

सराव सुरू झाला. मास्तरीणबाईंचा वर्गात एकच सूर, शिष्य परका असो की घरचा नवरा. पहिल्या दिवशी पहिला धडा सगळ्यांना सारखा: क्लच म्हणजे पायपुसणं नाही, काम झालं की पाय खाली. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवणाऱ्यांचा त्यांना इतका तिटकारा होता की एका बँकेच्या मॅनेजरला त्यांनी भर रस्त्यात बूट काढायला लावला होता. शिकवायची गाडी म्हणून त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक अशी जादा जोडी बसवलेली होती. शिष्य चुकला तर वाचवायला.

केकवाल्यांनी गाडी गल्लीबाहेर काढली, डावीकडे वळवली, आणि पुढून कुठूनतरी आवाज आला. किर्रर्र. थांबला. मग परत, किर्रर्र, किर्रर्र. भर दुपारी रातकिडा ओरडावा तसा.

"हे काय?" दोघं एकदमच म्हणाले.

गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, दोघांनी आत डोकं घातलं. इंजिन साळसूदपणे चालत होतं. मास्तरीणबाईंनी स्वतः एक फेरी मारली तर आवाज नाही. नंतरच्या शिकवणीला आलेल्या मुलीने तासभर गाडी पिदडली तरी नाही. संध्याकाळी पुन्हा केकवाले बसले आणि पहिल्या चौकाजवळ रातकिडा हजर.

पुढचे काही दिवस असंच चाललं. त्यांच्या हातात गाडी आली की ओरडायची आणि दुसऱ्या कुणाच्याही हातात मुकी. केकवाले मनाने हळवे होते. गाडीला आपण आवडत नाही असं त्यांच्या मनाने घेतलं. आवाज आला की त्यांचा गिअर चुकायचा, आणि मास्तरीणबाई आणखी ताठ बसायच्या. त्यांनाही घोर लागला होता तो इंजिनाचा. गाडी एकच. ती परीक्षेच्या दिवशी रस्त्यात आडवी झाली तर नवऱ्याचा हा शेवटचा प्रयत्नही वाया जाणार, आणि तो परत अर्ज भरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून गॅरेज शोधणं आलं. आणि गॅरेज शोधायचं म्हणजे मेहुण्यांना विचारणं आलं, कारण न विचारताही ते सांगणारच होते.

त्यांनी पाठवलेलं पहिलं गॅरेज म्हणजे काचेचा महाल होता. आत गार हवा, गुबगुबीत कोच, आणि टाय लावलेला एक तरुण, ज्याच्या नखात तेलाचा ठिपका औषधालाही नव्हता. मास्तरीणबाईंची माणसं पारखायची एक रीत होती. माणूस गाडी मागे कशी घेतो ते त्या बघत. आरसे बघतो का, मान वळवतो का, की नशिबावर हवाला टाकतो. टायवाल्याने गाडी मागे घेतली ती एकाही आरशात न बघता, नुसती रिव्हर्सच्या यंत्राची पिपाणी ऐकत. मास्तरीणबाईंनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. पण तोवर गाडी काचेच्या दारामागे गेली होती आणि तिथे गिऱ्हाइकांना मज्जाव होता. संध्याकाळी ती धुऊनपुसून, लिंबाचा वास मारत बाहेर आली. इंजिनाखालचे रबर गेले होते, ते बदलले, आता फुलासारखी चालेल, असं टायवाला म्हणाला. फाटकाबाहेर केकवाल्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं. लिंबाच्या वासात रातकिडा आणखी ताजातवाना वाटत होता.

दुसरं गॅरेज मेहुण्यांच्या मित्राचं. हा माणूस मोठा दिलखुलास. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि किल्ली फिरवायच्या आतच मान डोलावली.

"ऐकला, ऐकला. बेल्ट आहे तो."

केकवाल्यांना शंका आली. त्यांनी विचारलं, तुम्हाला नेमका कसा ऐकू आला, करून दाखवा बरं. मित्राने तोंड वाकडं करून जो आवाज काढला तो बदकाच्या घशात घास अडकल्यासारखा होता. केकवाल्यांनी आपला किर्रर्र करून दाखवला. तोच तो, मित्र म्हणाला, लांबून ऐकलं की असा लागतो. बेल्ट बदलला गेला. तो माणूस गाडी मागे घेत असताना मास्तरीणबाईंनी बघितलंही नाही, चहाच्या कपात बघत बसल्या. आणि अर्थातच परतीच्या वाटेवर, पहिल्या चौकात, किर्रर्र.

आता तारीख उंबरठ्यावर आली होती. मेहुण्यांनी फोनवर आणखी नावं सुचवली आणि शेवटी बजावलं, की वाट्टेल तिकडे जा पण पुलाखालच्या चष्मेवाल्याकडे तेवढं जाऊ नका. त्या मिस्त्रीला काही येत नाही. मी एवढ्या तक्रारी घेऊन गेलो, गाडी तासभर फिरवली आणि म्हणतो कसा, काही झालेलं नाही, घेऊन जा. असा कुठे मेकॅनिक असतो का?

केकवाल्यांचे कान टवकारले. त्यांच्या दुकानात अशी माणसं यायची, घरात डोकी मोजकी आणि केक तीन मजली हवा. ते सांगत, अहो, एवढा कशाला, वाया जाईल, लहान न्या. काहीजण रागावून दुसरीकडे जात. बाकीचे मात्र जन्मभर दुसरीकडे जात नसत. जो माणूस मेहुण्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू शकतो, केकवाल्यांनी मनाशी म्हटलं, त्याला एकदा भेटायलाच हवं.

पुलाखालचं गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना पाने ओळीने टांगलेले, मध्ये जमिनीत खड्डा, आणि खड्ड्यातून वर आलेलं एक टक्कल. टकलाखाली जाड भिंगांचा चष्मा, तो पडू नये म्हणून कानामागून दोरीने बांधलेला. मिस्त्रींनी हात पुसले आणि बोनेट न उघडता प्रश्नच विचारत बसले. आवाज कधी येतो, कोण चालवत असताना येतो, तेव्हा शेजारी कोण असतं, गाडीत आणखी कोण असतं. केकवाल्यांना वाटलं, डॉक्टरसुद्धा इतकी विचारपूस करत नाहीत.

मग मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे शेजारी. गाडी मागे घेताना त्यांनी डावा आरसा बघितला, उजवा बघितला, मधला बघितला, आणि एवढं करूनही चष्मा सांभाळत मान पूर्ण वळवून मागे बघितलं. मास्तरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या वर्गात ही पहिल्या नंबराची शाबासकी समजली जाई. त्या सीटला टेकून बसल्या. गाडी पुलाला वळसा घालून, बाजारातून, शाळेवरून फिरून आली. हूं नाही की चूं नाही.

"मला काही ऐकू आलं नाही," मिस्त्री म्हणाले. "आणि मी जे ऐकलं नाही ते दुरुस्त करत नाही."

केकवाल्यांचा चेहरा पडला. तो पडलेला बघून की काय, मिस्त्री उतरून मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, आता तुम्ही चालवा.

केकवाल्यांनी देवाचं नाव घेतलं आणि गाडी काढली. पुलाचा खांब मागे पडतो न पडतो तोच पुढून सुरू झालं, किर्रर्र, किर्रर्र. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या आवाजाचा आनंद झाला. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, थांबा, आता बाईंनी मागे यायचं आणि मी पुढे.

पुन्हा तोच रस्ता. तेच केकवाले, तेच इंजिन. रातकिडा गप्प. पण बाजाराच्या चौकात गाडी उचकली, झुलली आणि बंद पडली. मागे दोन-चार हॉर्न कोकलले. केकवाल्यांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी चालू केली, पुन्हा बंद. परीक्षेत व्हायचं अगदी तस्संच.

"परीक्षेतही असंच होतं," ते हळूच म्हणाले. "ही शेजारी असली की होत नाही."

गाडी कशीबशी पुलाखाली गॅरेजसमोर परत आली. मिस्त्री उतरले, मास्तरीणबाईंना पुन्हा पुढे बसवलं, पण या वेळी स्वतः मागे न बसता दार उघडं ठेवून त्यांच्या बाजूला खाली उकिडवे बसले. गाडी हलवू नका, म्हणाले, फक्त पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायला लागा, निघायचंय असं समजून. केकवाल्यांनी तसं केलं. किर्रर्र.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "पाय बघा."

तिघांनीही खाली बघितलं. मास्तरीणबाईंचा उजवा पाय त्यांच्या ब्रेकवर होता, तो असायचाच. आणि डावा पाय, जो जमिनीवर असायला हवा, तो त्यांच्या जादा क्लचवर अलगद टेकलेला होता. फुलपाखरू बसावं इतका अलगद.

"हा इथे कधी आला?" मास्तरीणबाईंनी विचारलं. जणू पाय शेजारणीचा होता.

मिस्त्रींनी समजावून सांगितलं. आत क्लचचं बेअरिंग आहे, ते जरासं झिजलंय. पाय नसला तर ते गप्प, पूर्ण दाबला तरी गप्प, पण कुणी नुसता पाय टेकवून ठेवला की कुरकुरतं. इंजिनाला काहीही झालेलं नाही. बेअरिंगलाही फार नाही. ते आपलं पाय काढा म्हणून ओरडतंय.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ज्या पायाबद्दल बँकेच्या मॅनेजरचा बूट उतरवला, तोच पाय. मास्तरीणबाई लाजेने लालबुंद झाल्या. पण केकवाल्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते मिस्त्रींचं बोलणं मनातल्या मनात पुढे नेत होते आणि जिथे पोचले ती जागा त्यांना मुळीच आवडली नाही.

"म्हणजे क्लच तू दाबत होतीस," ते म्हणाले. "इतकी वर्षं. मी सोडायचो आणि तू सांभाळायचीस. म्हणून गाडी बंद पडायची नाही."

मास्तरीणबाईंनी पाय क्लचवरून खाली घेतला.

"म्हणजे मला गाडी येतच नव्हती."

ते दार उघडून उतरले आणि पुलाच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट म्हणजे हसू झालं होतं स्वतःचं. सरावातला वाघ ती होती. ते फक्त वाघाचं कातडं पांघरून बसले होते. मेहुण्यांना ही गोष्ट कळली तर पुढची सगळी कार्यं याच्यावरच निभतील. मिस्त्री शहाणे होते, त्यांना एकदम खड्ड्यातलं काहीतरी काम आठवलं.

मास्तरीणबाई मागोमाग आल्या. दोघं जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत उभे राहिले.

"शिकाऊ पोरांच्या वेळी माझा हा पाय खालीच असतो," त्या शेवटी म्हणाल्या. "ती गाडी बंद पाडतात. पाडू दे. त्याशिवाय शिकत नाहीत."

"मग माझ्याच वेळी काय झालं? मी त्यांच्याहूनही गेलेला?"

"तसं नाही हो." रस्त्यावर कुठलीही गोष्ट खणखणीत आवाजात सांगणाऱ्या या बाईंना पुढचं वाक्य काढायला वेळ लागला. "तुमच्यामागे कुणी हॉर्न वाजवलेला मला सहन होत नाही."

केकवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. तो ठेवायला जागाच राहिली नव्हती.

"वाजवू दे की," ते म्हणाले. "माझं काय झडून पडणार आहे?"

मिस्त्रींनी त्या संध्याकाळी एक पिन काढली आणि मास्तरीणबाईंचा जादा क्लच मोकळा केला. ब्रेक ठेवला. परीक्षा होऊ दे, मग परत जोडू, म्हणाले. पेडल होतं तिथेच, पण दाबलं तरी काही होत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस त्या शहरातल्या वाहनचालकांना बरेच दिवस आठवत राहिले असावेत. केकवाल्यांनी गाडी बाजारात बंद पाडली, शाळेसमोर पाडली, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी पाडून तिथली रांग गल्लीपर्यंत नेली. हॉर्न तर इतके वाजले की वरात निघाल्यासारखं वाटावं. मास्तरीणबाई शेजारी हाताची घडी घालून, ओठ चावत बसत. एका हॉर्नवाल्याला त्यांनी खिडकीतून मान काढून असं काही सुनावलं की तो बिचारा माफी मागून गेला, तेव्हा केकवाले म्हणाले, हेही बंद कर. त्या हेही बंद करायला शिकल्या. त्यांचाही सरावच चालला होता म्हणा ना.

आणि मग एका सकाळी दुकानात क्रीम फेटताना केकवाल्यांचा हात मध्येच थांबला. क्रीम फेटताना एक क्षण येतो. त्याच्या आधी थांबलात तर पळी बुडते, पुढे गेलात तर लोणी होतं. तो क्षण डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतो, मनगटाला जरासं जड लागतं. केकवाले भांडं तसंच ठेवून, ॲप्रन न सोडता वर गेले आणि बायकोला म्हणाले, चल, किल्ली घे. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी क्लच हळूहळू सोडला, पायाखाली जरासं जड लागेपर्यंत, आणि तिथे क्षणभर थांबले. गाडी मऊपणे निघाली. चौकात निघाली, शाळेसमोर निघाली, पेट्रोल पंपासमोर निघाली तेव्हा तिथल्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

"पायात मनगट आणायचं होतं एवढंच," केकवाले म्हणाले. ही व्याख्या मास्तरीणबाई अजूनही वर्गात सांगतात, कुणाची ते न सांगता.

परीक्षकांनी केकवाल्यांना ओळखलं आणि सवयीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. सगळा रस्ता संपला तेव्हा त्यांना बघण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून त्यांनी कागदावर सही केली. त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, मागो न मागो, एकेक बिस्किट मिळालं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आणि केकवाले दोघं पुलाखाली गेले. बाकीच्या शिष्यांसाठी जादा क्लच परत जोडायला हवा होता. मिस्त्रींनी पिन घातली आणि विचारलं, बेअरिंग बदलायचं का? बदलायचं तर बरीच खोलाखोल करावी लागेल, आणि खरं सांगायचं तर अजून ते कितीतरी चालेल.

"राहू दे," केकवाले घाईने म्हणाले. "असू दे ते तसंच."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. केकवाले भिंतीवरचे पाने मोजायला लागले.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या दारात मेहुणे आधीच येऊन उभे होते, बोटावर किल्ली गरगर फिरवत. परवान्याची बातमी त्यांना कळली होती, पण परवाना वेगळा आणि ताई वेगळी असं त्यांचं मत होतं. त्यांची मोठी गाडी दाराशीच लावलेली. तिच्या मागे, आरसे तीन-तीनदा बघून नीट लावलेली, शिकवणीची गाडी. मास्तरीणबाई बाहेर आल्या. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात औषधांची पिशवी. पायरीवर थांबून त्यांनी उघड्या डोळ्याने एका गाडीकडे बघितलं, मग दुसऱ्या. केकवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या म्हणतील, आज नको, आज डोळ्याचा प्रश्न आहे, पुन्हा कधीतरी. तसं म्हणाल्या असत्या तर त्यात काही चूकही नव्हतं.

"तू मागून ये," मास्तरीणबाई भावाला म्हणाल्या आणि पिशवी नवऱ्याच्या हातात दिली.

केकवाल्यांनी त्यांना बसवलं, पट्टा लावून दिला, दार हलकेच लोटलं. गाडी निघाली. रस्त्यापेक्षा त्यांचे कानच जास्त उघडे होते. दवाखान्याचं फाटक आलं, मोठा चौक आला, ट्रक बाजूने घासून गेला. रातकिडा अजून ओरडला नव्हता. ओरडणार, ते मनाशी म्हणाले, पुलाच्या चढावर नक्की ओरडणार.

पुलाच्या चढावर सिग्नल लाल झाला. पुढे गाड्यांची रांग, मागे मेहुणे. हिरवा झाला, केकवाल्यांनी क्लच सोडला, आणि इतका वेळ कान लावून बसल्यामुळे पायाकडे दुर्लक्ष झालं. गाडी उचकली, झुलली आणि बंद पडली. हातब्रेक ओढून होईपर्यंत मेहुण्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला होता. चांगला लांबलचक हॉर्न. त्यांच्या मागच्यांनीही सूर धरला.

केकवाल्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. आता, आता ती पाय टेकवणार. त्यांनी कान दिला. इंजिनाचा नुसता शांत आवाज येत होता.

त्यांनी चोरून खाली बघितलं. दोन्ही जादा पेडल मोकळी होती. त्यांच्यासमोर रबराच्या चटईवर मास्तरीणबाईंच्या चपला शेजारी-शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. आणि मास्तरीणबाई सीटवर चक्क मांडी घालून बसल्या होत्या, घरात पलंगावर बसतात तशा. औषधांची पिशवी मांडीत.

मागून पुन्हा हॉर्न आला.

"वाजवू दे त्याला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सावकाश घ्या."

केकवाल्यांनी क्लच हळूहळू सोडला, पायाखाली जड लागेपर्यंत. हातब्रेक खाली केला. गाडी चढावर मऊपणे निघाली आणि मेहुणे आरशात लहान होत गेले.

"घर आलं की सांगा," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी उघडा डोळाही मिटून घेतला.